त्रिपुरीची पहाट, पंचगंगा घाट आणि माझे फुकट गेलेले ४०९ फोटो

पहाटवारा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. वर्षभर टाळलेला धागा आज काढतोय, कारण त्रिपुरी पुन्हा तोंडावर आली.

गेल्या वर्षी पहिल्यांदाच पंचगंगा घाटावरचा पहाटेचा दीपोत्सव बघायला कोल्हापूरला गेलो. सांगलीहून रात्री अडीचला गाडी काढली, चारच्या आत घाटावर. दरवर्षी पेपरात '५१ हजार पणत्यांनी उजळला घाट' असं वाचत आलोय, पण वरच्या पायरीवरून खाली बघितल्यावर आकडाबिकडा काही डोक्यात राहत नाही. पायरी न् पायरी पेटलेली, दगडी दीपमाळांवर दिवे, लहान लहान देवळांच्या ओट्यांवर दिवे, आणि खाली काळ्या पाण्यात ते सगळं पुन्हा एकदा, थरथरत. कुणीतरी भूपाळी म्हणत होतं. आणि मी कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनकडे बघत स्वतःला शिव्या घालत होतो.

घरी येऊन मोजले. ४१२ फोटो, ठेवण्यासारखे ३. बाकीच्यांतले निम्मे हललेले. जे हलले नाहीत ते संत्र्याच्या रसात बुडवून काढल्यासारखे. आणि ज्यात दोन्ही बरं होतं त्यात आकाश राखेच्या रंगाचं, वर मूठभर वाळू भिरकावल्यासारखे दाणे. डोळ्यांना दिसलेला अंधार मखमली होता, फोटोतला कळकट.

अजून एक सांगायला हवं. कॅमेरा ऑटोवर होता. समोर एक आजोबा द्रोणातला दिवा पाण्यात सोडायला वाकले होते, मी बटण दाबलं आणि फ्लॅश आपणहून उघडून त्यांच्या तोंडावर फाडकन उडाला. ते काही बोलले नाहीत. डोळे मिटून तसेच थांबले, द्रोण हातातच. ओठ हलत होते ते थांबले. सगळ्या ४१२ मध्ये तो फोटो सर्वांत स्पष्ट आलाय आणि तोच मी कुणाला दाखवत नाही.

सामान: जुना क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरचा डीएसएलआर, सोबत मिळालेली १८-५५ लेन्स. ५० एफ १.८ सुद्धा आहे, पण गर्दीत फार अरुंद पडेल म्हणून बॅगेतच राहिली. ट्रायपॉड नेला होता, उघडायला जागा मिळाली नाही. यंदा काय करू?

तिरकस

४१२ मधले ३ म्हणजे पाऊण टक्का. आमच्या लग्नाच्या अल्बमपेक्षा बरा हिशोब आहे.

खटका

एकेक घेऊ.

किट लेन्स, म्हणजे ती सोबत मिळालेली, ५५ वर नेलीत की ती एफ ५.६ होऊन बसते (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक मोठं). ५० ची एफ १.८ उघडी ठेवली की त्याच्या जवळजवळ दहापट उजेड आत येतो. दहापट! जो चेहरा किटवर १/१५ सेकंदाच्या शटरला हलला तो ५० वर १/१५० ला आला असता. आणि ती लेन्स तुम्ही बॅगेत ठेवून पायऱ्या चढलात-उतरलात. (हलके घ्या. मी वाईच्या घाटावर नेमकं हेच केलंय.)

माझा ठोकताळा असा. एकच पणती, तिच्यापासून वीत-दीड वितीवर चेहरा, दुसरा उजेड नाही: आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची संवेदनशीलता) ३२००, एफ २, १/१२५. इथून सुरुवात करायची. हात हलत असतील तर १/१२५ च्या खाली उतरायचं नाही. कुणी पणती धरून नुसतंच उभं असेल तर १/६० पुरतं. पणत्यांच्या रांगेत बसलेलं माणूस असेल तर एखादा स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, जास्तीचा मिळतो. तो शटरला द्या. आयएसओ कमी करायच्या मोहात पडू नका. दाणे घरी बसून कमी करता येतात, हललेलं नाक कुठलंही सॉफ्टवेअर जागेवर आणत नाही.

आता राखेचं आकाश. कॅमेऱ्याचा मीटर भोळा असतो, त्याला सगळं जग मध्यम करडं वाटतं. फ्रेमचा बराचसा भाग काळा दिसला की तो म्हणतो उजेड कमी पडतोय, वाढवा. अंधाराची राख होते आणि ज्योतीचा नुसता पांढरा डाग. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरपेक्षा उजेड कमी-जास्त घ्यायची सोय) उणे १ ते उणे दीड करा, नाहीतर सरळ मॅन्युअलवर या. घाटावर मॅन्युअलच सोपं, कारण पणती काही ढगाआड जात नाही. एकदा चेहऱ्यावर जमवलं की मागे उजेड आहे की काळोख, बघायचंच नाही. काळं आहे ते काळं राहू द्या. ते भरायला आपण गेलेलो नाही.

पिवळेपणा: पणतीच्या ज्योतीचा रंग १९०० केल्विनच्या आसपास. बऱ्याच कॅमेऱ्यांचा ऑटो व्हाइट बॅलन्स इतका खाली उतरतच नाही. रॉ (कॅमेऱ्याने न रंगवलेली मूळ फाइल) काढा आणि घरी २५०० ते २८०० मध्ये कुठेतरी बसवा. सगळा पिवळा काढू नका, काढलात तर ट्यूबलाइटखाली पूजा मांडल्यासारखं दिसतं. आणि हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख) बघताना लाल रंगाचा वेगळा बघा. एकत्र हिस्टोग्राम गोड दिसतो, पण लाल केव्हाच भरून सांडलेला असतो. तुमचा संत्र्याचा रस तोच.

पहाटवारा

खटका, दंडवत. एक राहिलं, फोकस. लेन्स सारखी पुढे-मागे घरघर करत राहायची, आणि तोवर दिवा पाण्यात गेलेला असायचा.

खटका

ज्योतीवर लावत असणार. ज्योतीला कड नसते, शिवाय ती नाचते. पणतीच्या मातीच्या काठावर लावा, हातातल्या काचेच्या बांगडीवर लावा, ठसठशीत कुंकू असेल तर त्याच्या कडेवर. मधला फोकस बिंदू वापरा, बहुतेक कॅमेऱ्यांत अंधारात तोच त्यातल्या त्यात डोळस. आणि ती फोकसला मदत म्हणून पुढे लाल-नारिंगी बत्ती लागते ना, ती मेनूत जाऊन बंद करा. फ्लॅश बंद केला म्हणून आपण सभ्य झालो असं समजून लोक ती बत्ती सगळ्यांच्या डोळ्यांत मारत हिंडतात.

घाटकरी

भावांनो, कॅमेऱ्यातलं मला काय कळत नाही. मी चौदा वर्षं झाली, घाटावर पणत्या लावायला असतोय. म्हणून चार गोष्टी सांगतो, पटल्या तर घ्या.

लोकांना वाटतंय पणती म्हणजे तेल घातलं, काडी लावली, झालं. तसं नसतंय. वात कोरडी राहिली की एकदम भडकती आन् विझती. आधी तेलात बुडवून, चिमटीत धरून पिळायची, मग टोक गव्हाएवढं काठावर काढायचं. नदीकडनं वारं आलं की सगळी ओळ एका दमात जाती, मग परत पहिल्यापास्नं. अंगठा आन् शेजारचं बोट असं काळं होतंय की दोन दिवस जेवताना पोराबाळांना दाखवावं. तुम्ही सगळे पेटलेल्या घाटाचे फोटो काढता. पेटवणारी बोटं कुणाच्या फोटोत मी अजून बघितली नाहीत.

दुसरं, जागा. नदीकडं तोंड केलं की गाव पाठीशी. उजाडतंय ते पाठीमागनं. पुनवेचा चंद्र पहाटे नदीपलीकडं खाली उतरलेला असतोय. म्हणून सूर्य पाण्यातनं वर येईल म्हणून वाट बघत बसू नका, दरवर्षी चार-पाच पाहुणे बसतात.

तिसरं, पाय. २०१९ ला राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांच्या वर पाणी गेलं, २०२१ ला ५६ च्या वर. धोक्याची पातळी ४३. तवा हा घाट, दीपमाळा, देवळं, सगळं नदीच्या पोटात होतं. दरसाल पावसाळ्यात थोडंफार तेच. वरनं कितीबी धुतलं तरी खालच्या पायऱ्यांच्या सांध्यात गाळ आन् शेवाळ राहतंय. त्याच्यावर पणतीचं तेल सांडलं की संपलं. खालच्या तीन पायऱ्यांवर बूट घालून डोळा कॅमेऱ्याला लावून मागं सरकायचं नाही म्हंजे नाही. एक जण कॅमेऱ्यासकट गेलाय, कमरेएवढ्या पाण्यात. माणूस हसत वर आला, कॅमेरा नाही आला.

चौथं, तो तीन पायांचा स्टँड. पायरीवर उघडू नका. एका मावशींचा पदर त्याच्या पायात अडकला, तोल गेला, खाली पेटत्या पणत्या. शेजारच्या पोरीनं दंडाला धरलं म्हणून. तवापास्नं आम्ही स्टँड दिसला की वर पाठवतोय.

शेवटचं. तीनला या, बॅग कडेला ठेवा, शंभर पणत्या लावा. मग काढा की फोटो. कोण काय म्हणतंय बघू.

तिरकस

शंभर पणत्या लावून काळ्या झालेल्या बोटांनी लेन्स पुसायची का घाटकरी?

घाटकरी

व्हय, आन् मग म्हणायचं धुकं आलं होतं.

ओलीवाळू

घाटकरींचा प्रतिसाद छापून ठेवण्यासारखा आहे. मला दुसऱ्याच गोष्टीबद्दल लिहायचंय, धाग्याला थोडी कडवट चव येईल.

माझी आई कार्तिक महिनाभर पहाटे नदीवर स्नानाला जायची, औदुंबरला, कृष्णेवर. आमच्याकडे त्रिपुरीला साडेसातशे वातींचा त्रिपूर लावायचा म्हणून ती दिवाळीपासूनच वाती वळत बसायची. अंधारात जायचं, अंधारातच परत यायचं, यामागे पुण्याबरोबर एक साधी सोयही होती. अंधार हाच आडोसा. काठावरच्या बायकांमध्ये न बोलता ठरलेलं असायचं की कोण कुठे उभं राहणार, पुरुष कुठल्या बाजूला जाणार.

दोन वर्षांपूर्वी एका फोटोग्राफीच्या ग्रुपवर 'श्रद्धा' असं नाव दिलेला फोटो आला. पहाटेचं पाणी, डोळे मिटलेली, हात जोडलेली एक बाई, ओली साडी अंगाला चिकटलेली. लांबच्या लेन्सने काढलेला. खाली वाहवा, 'काय टायमिंग', 'काय टोन'. ती बाई माझ्या ओळखीची नव्हती, इतकंच.

तेव्हा आयएसओ किती ठेवायचा हे जरूर बोला. पण आयएसओ २५६०० पर्यंत नेता येतो म्हणून आडोसा राहिलेला नाही, हेही कुणीतरी बोला.

एकशिंगी

मुद्दा समजला, पण प्रत्येकाला विचारत बसलो तर घाटावरचे फोटोच होणार नाहीत. विचारलं की माणूस पदर सारखा करतो, कॅमेऱ्याकडे बघून हसतो. क्षण गेला. सार्वजनिक जागा आहे, सार्वजनिक उत्सव आहे.

ओलीवाळू

दीपोत्सव सार्वजनिक आहे, मान्य. पणती लावणारीचा फोटो काढायला मीही विचारणार नाही. अंघोळ सार्वजनिक नाही, नदीवर केली तरी. आणि आधी विचारलं तर क्षण जातो हे समजू शकते. नंतर दाखवायला काय अडतं? जवळ जाऊन स्क्रीन पुढे धरायची. नको म्हणाली तर तिच्यासमोर पुसायचा. लांबच्या लेन्सवाल्यांना ते जमत नाही, कारण तेवढं अंतर चालून जायची लाज वाटते. ती का वाटते, याचा विचार त्यांनी करावा.

एकशिंगी

हं. शेवटच्या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पहाटवारा

मी त्या फ्लॅशवाल्या आजोबांकडे गेलो नव्हतो. जायला हवं होतं.

काशीकर

धाग्याचं नाव वाचून फसलो. मला वाटलं आमच्या पंचगंगा घाटाबद्दल आहे. माझं आजोळ काशीचं, ब्रह्मा घाटाजवळ. ब्रह्मा घाट, दुर्गा घाट या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरं आहेत आणि शेजारीच पंचगंगा घाट. कार्तिकातल्या पहाटेच्या स्नानाला तिथे फार मान. अहिल्याबाईंनी बांधवलेला दगडी हजारा दीपस्तंभ तिथेच आहे, त्रिपुरीला तो पाजळतात. फक्त काशीची देवदिवाळी त्याच दिवशी, पण संध्याकाळी. कोल्हापूरसारखी पहाटे नाही.

पहाटेचं म्हणाल तर कार्तिकभर तिथे उंच बांबूंच्या टोकाला वेताच्या टोपल्यांत आकाशदीप टांगलेले असतात, पितरांना वाट दिसावी म्हणून. फोटोला फार फसवे. डोळ्याला वाटतं आभाळ दिव्यांनी भरलंय, फोटोत काळ्या कागदावर चार ठिपके. मी बरीच वर्षं ते नुसतेच काढत होतो. मग एकदा दोरी ओढून टोपली वर चढवणाऱ्या माणसाचे हात पुढे घेतले, दिवे मागे धूसर सोडले, तेव्हा कुठे ते दिवे 'वर' आहेत असं वाटायला लागलं.

घाटकरींनी दिशेचं सांगितलं ते लाखमोलाचं. काशीला गंगा उत्तरवाहिनी, सगळे घाट पश्चिम काठावर, तोंडं पूर्वेला. सूर्य समोरून पाण्यावर येतो. म्हणून तिथल्या फोटोंत सगळे जण सावल्या असतात, अर्घ्याची धार तेवढी चमकते. ते फोटो बघून लोक कोल्हापूरला किंवा वाडीला जातात आणि तशीच सावली शोधत बसतात. तुमच्याकडे उजेड पाठीमागून येणार, म्हणजे उजाडताना चेहरे हळूहळू उघडत जाणार. सावली नाही, चेहरा. मला तर ते जास्त आवडेल.

खटका

काशीकर, सुंदर. यालाच जोडून वेळेचं गणित मांडतो.

त्रिपुरी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आली तर कोल्हापुरात सूर्योदय साडेसहाच्या सुमारास, महिनाअखेरीला आली तर पावणेसातच्या. सूर्योदयाच्या सव्वा तास आधीपर्यंत आकाश पूर्ण काळं. साधारण ४० ते २० मिनिटं आधी ते गडद निळं होतं आणि त्या वेळात आकाशाचा उजेड नि पणत्यांचा उजेड बरोबरीला येतात. घाट, नदी, शिवाजी पूल, सगळं एका फ्रेममध्ये बसवायचं ते तेव्हाच. वरच्या बाजूला, लोकांच्या वाटेत न येता, ट्रायपॉडवर आयएसओ ४००, एफ ८, ४ सेकंद अशी सुरुवात. पाण्यातले सोडलेले दिवे रेघा होतील, त्या छान दिसतात.

चंद्राचं मात्र काळ्या रात्री विसरा. पूर्ण चंद्र आणि पणतीने उजळलेला चेहरा यांच्या उजेडात दहा स्टॉपच्या आसपास फरक, म्हणजे हजारपट. चेहरा जमवला की चंद्र म्हणजे नुसता पांढरा पेढा. पण पौर्णिमेचा चंद्र सूर्योदयाच्या आसपासच मावळतो. तो क्षितिजाशी धुरकट झालेला असताना आणि आकाश निळं झालेलं असताना दोघं एका फोटोत येऊ शकतात. दहा-पंधरा मिनिटांचा खेळ.

अडचण एकच. तोवर पणत्या जिवंत असतात का?

घाटकरी

निम्म्या जात्यात. वरच्या पायऱ्यांवरच्या आधी, कारण तिथं माणसांची वर्दळ आन् वारं. दीपमाळंच्या आडोशाच्या शेवटपर्यंत राहतात. आम्ही साडेपाचला एक फेरी तेल घालत हिंडतोय, पण सगळीकडं पोचत नाही. तुमची फ्रेम जिथं धरणार तिथल्या पणत्यांना स्वतः तेल घाला. बाटली देतो मी.

फोनबहाद्दर

आमच्यासारख्यांचं काय? कॅमेरा नाही, फोन आहे, नाइट मोड आहे. रात्रीचा दिवस करतो पठ्ठ्या.

खटका

तोच त्याचा दोष. नाइट मोड पाठोपाठ बरेच फोटो घेऊन एकावर एक रचतो, त्यामुळे आकाश उजळतं आणि हलणारे हात भुतासारखे होतात. माणूस असेल तर नाइट मोड बंद करा, चेहऱ्यावर बोट ठेवून उजेडाची पट्टी खाली ओढा, ज्योतीचा आकार दिसायला लागेपर्यंत. झूम करू नका. अंधारात बरेचसे फोन दूरची लेन्स वापरतच नाहीत, मुख्य लेन्सचाच फोटो कापून मोठा करतात. दोन पावलं पुढे जा. आणि आधी काच पुसा. तुमच्या फोटोंत प्रत्येक ज्योतीला जी तिरकी शेपूट असते ती घाटाची नसते, गालाच्या तेलाची असते.

एकशिंगी

मूक शटरबद्दल कुणी बोललं नाही. मी गेल्या वर्षी एका घाटावरच्या आरतीला भक्तिभावाने आवाज बंद करून गेलो, मिररलेसचं इलेक्ट्रॉनिक शटर. घरी येऊन बघतो तर प्रत्येक फोटोवर आडवे पट्टे, झेब्र्यासारखे.

खटका

एलईडी दिवे होते ना? आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे बरेच स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचतं, तेवढ्यात दिवा उघडमीट करून मोकळा. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवा, नाहीतर यांत्रिक शटर वापरून थोडा खट्ट आवाज सोसा. नुसत्या पणत्यांना ही भानगड नाही, ज्योत लुकलुकत नाही, ती डुलते.

घाटकरी, तिथे हल्ली विजेचे दिवे कितपत असतात?

घाटकरी

वाढलेत. गाण्याच्या स्टेजचे आहेत, आन् मधी मधी ते लेसर. पोरांना आवडतंय. मला विचाराल तर पणत्यांच्या रातीला बाकीचे दिवे बंद असावेत, पण माझं कोण ऐकतंय.

खटका

लेसरचा झोत थेट लेन्समध्ये घेऊ नका कुणी. सेन्सर कायमचा डागाळतो. फोनचासुद्धा.

तिरकस

अवांतर: नदीत सोडलेल्या थर्माकोलच्या द्रोणांचे 'आफ्टर' फोटो कुणी काढतं का? सकाळी आठला जलपर्णीत अडकलेले. प्रकाशयोजना उत्तम असते, ट्रायपॉड लागत नाही.

घाटकरी

खरं हाय. पानाचे द्रोण घ्या म्हणून बोंबलतोय आम्ही. आठ वाजता गोळा करायला बी या, मग मिसळ माझ्याकडून. कट वेगळा.

पहाटवारा

काल जाऊन आलो. सविस्तर लिहितो.

पावणेतीनला घाटावर. घाटकरींनी ओळखलं आणि काही न बोलता तेलाची किटली हातात दिली. शंभर नाही, पण साठ-सत्तर तरी पणत्या लावल्या. पहिल्या वीस विझल्या. शेजारी एक आजी बसल्या होत्या, नऊवारी, कानाला मफलर. माझा कारभार थोडा वेळ बघितला आणि म्हणाल्या, "पिळ की जरा तिला, भिजलेलं मांजर हाय का ते?" मग स्वतः दाखवलं. डाव्या हाताच्या ओंजळीचा आडोसा, उजव्या हातात मेणबत्ती, वातीला टेकवायची नाही, नुसती जवळ न्यायची. तेल कडेने चमकतं, मग एक निळा ठिपका, मग ज्योत उभी राहते आणि त्याच क्षणी ओंजळीच्या आतल्या सगळ्या रेघा उजळतात.

तेव्हा कॅमेरा काढला. ५० ची लेन्स, एफ २, आयएसओ ३२००, १/१२५. खटका, तुमचा ठोकताळा पहिल्याच फोटोला बसला, काही हलवावं लागलं नाही. फोकस हिरव्या बांगडीवर. चेहऱ्याचा खालचा अर्धा भाग उजेडात, डोळे अंधारात. मागे पेटलेला अख्खा घाट होता, पण एफ २ ला त्याचे नुसते मोठे पिवळे थेंब झाले. ५० अरुंद पडते म्हणत होतो. अरुंदच हवी होती. घाट मावत नाही म्हणून चिडचिड व्हायची, यंदा मावून घ्यायलाच गेलो नाही.

निळ्या आकाशाचे मात्र हुकले. साडेपाचला तेल घालत हिंडलो आणि गप्पांत वेळ गेला. ट्रायपॉड गाडीतून निघालाच नाही. चंद्र बघितला, काढला नाही.

आजींना स्क्रीन दाखवली. बराच वेळ बघत होत्या. मला वाटलं आता डोळे भरून वगैरे येतात की काय. म्हणाल्या, "अंगठा बघ की किती काळा आलाय. दुसरा काढ, धुऊन येते." धुऊन आल्या, पदर डोक्यावर घेऊन ताठ बसल्या, कॅमेऱ्याकडे बघून. एकशिंगी, तोही काढला. वाईट नाही.

दोन्ही छापून द्यायचे आहेत. नाव विचारायचं राहिलं. मधल्या दीपमाळेच्या उजव्या हाताला बसल्या होत्या.

घाटकरी

मफलर चॉकलेटी? मग कळलं. दर एकादशीला येतात. फोटो माझ्याकडं द्या, पोचवतो. काळ्या अंगठ्याचा मोठा काढा, त्यांना आवडला नाही तर आम्हाला द्या.

तिरकस

यंदाचा हिशोब?

पहाटवारा

९६ पैकी ११. शिवाय शर्टावर तेलाचे डाग, ते मोजले नाहीत. नवीन शर्ट होता.

ओलीवाळू

डागावर तांदळाचं पीठ दाबून रात्रभर ठेवा, सकाळी झटकून भांड्यांच्या साबणाने धुवा. गरम पाणी आधी नको. आणि दुसरा, धुतलेल्या अंगठ्याचा फोटो, आजींची हरकत नसेल तर इथे डकवा.